निवारा म्हणजे नुसते छप्पर नव्हे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बेघर कोणाला म्हणायचे? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर द्यायला गेले की आपण अडखळतो. फलाटावर झोपलेला माणूस दिसला की आपण त्याला भिकारी समजतो, किंवा व्यसनी, किंवा वेडसर. पण जनगणनेची व्याख्या वेगळी आहे. जे कुटुंब इमारतीत राहत नाही, रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहते, ते बेघर कुटुंब. या लोकांची मोजणी एकाच रात्रीत उरकली जाते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे पावणेअठरा लाख माणसे बेघर असल्याची नोंद झाली. त्या रात्री जी कुटुंबे मोजणाऱ्याच्या नजरेला पडली नाहीत, ती या आकड्यात नाहीत.

आता आपल्या पालघर आणि बोईसर-तारापूरकडे पाहू. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. त्यानंतर बोईसरजवळ औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कारखान्यांमागून माणसे आली. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, बांधकामे वाढली आणि आणखी माणसे आली. यातली बरीच भाड्याच्या खोल्यांत राहतात. काम आहे तोवर खोली आहे. काम सुटले, कमावता माणूस आजारी पडला, दोन महिन्यांचे भाडे थकले, की भांड्याकुंड्यांसह कुटुंब बाहेर येते.

दुसरा प्रवाह आपल्याच जिल्ह्यातला आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत भात-नागलीचे पीक निघाले की पुढे हाताला काम नसते. मग दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरतात. कोणी मुकादमाकडून बयाणा घेऊन वीटभट्टीवर जाते, कोणी शहरातल्या मजूर नाक्यावर उभे राहते. भट्टीवर निदान पेंढ्याचा भोंगा तरी असतो. नाक्यावरच्या मजुराला तोही नाही. मिळेल त्या मोकळ्या जागेत तीन दगडांची चूल, शेजारी गोधडी आणि गोधडीवर मूल. ही माणसे भीक मागत नाहीत. दिवसभर आपल्याच इमारतींची कामे करतात आणि रात्री त्याच इमारतीच्या कुंपणाबाहेर झोपतात.

धरणात किंवा प्रकल्पात घर गेले तर माणसाला ‘प्रकल्पग्रस्त’ असे नाव मिळते. त्याची फाइल होते, त्याला न्यायालयात जाता येते. घर हळूहळू सुटलेल्या कुटुंबाला असे नाव नाही आणि फाइलही नाही. म्हणून त्यांच्यासाठी निवाऱ्याची व्यवस्था व्हायला फार उशीर लागला.

ही व्यवस्था कागदावर कशी आहे, ते माहीत असणे गरजेचे आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा, अशी दिशा दिली. २०१३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आणली. तिच्या निकषांप्रमाणे माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, वीज, सामान ठेवायला कपाट, स्वयंपाकाची सोय आणि पाळीने काम करणारे काळजीवाहक हवेत. पुरुषांचे निवारे, स्त्रियांचे निवारे आणि कुटुंबांचे निवारे वेगवेगळे असावेत, हेही त्यात सांगितले होते.

कुटुंबाचा निवारा वेगळा का लागतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक ठिकाणी निवारा म्हटले की पुरुषांचा मोठा हॉल असतो. तिथे गेलेल्या कुटुंबाला सांगितले जाते, बाप्याने इथे झोपावे, बाईने मुलांना घेऊन दुसरीकडे जावे. अनोळखी गावात कोणती बाई हे मान्य करील? शिवाय चुलीची भांडी, धान्याची पिशवी आणि कामाची अवजारे कुठे ठेवायची? मग ते कुटुंब मागे फिरते आणि फलाट गाठते. निवारा रिकामा राहतो आणि ‘या लोकांना निवारा नकोच असतो’ असा शेरा मारायला आपण मोकळे होतो.

आणखी एक अडचण आपल्या भागाची आहे. ही योजना शहरांसाठी होती. पालघरला १९९८ पासून नगरपरिषद आहे, पण बोईसर २०११ च्या जनगणनेत शहर म्हणून मोजले गेले तेव्हाही कारभार ग्रामपंचायतीचाच होता. शहराची गर्दी, शहराचे भाडे आणि योजना मात्र गावाच्या, अशा ठिकाणी कुटुंबे दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात. ती फट बुजवायला स्थानिक माणसेच लागतात.

म्हणजे स्वयंसेवकांनी नेमके काय करायचे? आपल्याकडे सेवा म्हटली की थंडीत ब्लँकेट आणि सणाला पुरणपोळी. ते चांगलेच आहे. पण ब्लँकेट वाटायला एक संध्याकाळ पुरते. या कुटुंबांना गरज असते ती ओळखीच्या माणसाची, जो पुढच्या आठवड्यातही येईल.

पहिले काम कागदांचे. मोखाड्याच्या कुटुंबाकडे शिधापत्रिका असते, पण ती गावी ठेवलेली असते. शिधापत्रिकेची देशभर चालणारी सोय आल्यापासून अंगठा लावून बोईसरच्या दुकानातही आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. म्हातारे आईबाप गावी असतील तर त्यांचा वाटा तिथे आणि यांचा वाटा इथे, असेही करता येते. हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी दुकानदारासमोर एकट्याने बोलण्याचा धीर होत नाही. सोबत कोणी गेले तर काम होते. पत्ता नसलेल्यांना मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारकार्डासाठी उपयोगी पडतो. बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. म्हणून बाळंतीण निवाऱ्यात असेल तर तारीख लक्षात ठेवणारे कोणीतरी हवे.

दुसरे काम शाळेचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही, एवढ्या कारणाने मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. हे वाक्य शाळेत जाऊन नम्रपणे, पण ठामपणे सांगणारा माणूस लागतो. या बाबतीत आपल्या परिसराने महाराष्ट्राला एक वाट दाखवली आहे. विवेक पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात वसई भागात वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा सुरू केल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे नेली. निवाऱ्यात दोन तास मुलांना घेऊन बसणारे निवृत्त शिक्षक किंवा महाविद्यालयातली मुले हेच काम लहान प्रमाणात करू शकतात.

तिसरे काम दवाखान्याचे. केसपेपर काढणे, रांगेत उभे राहणे, गोळ्या कधी घ्यायच्या ते पुन्हा समजावणे. रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्यात एक दिवस घालवणे म्हणजे एक दिवसाची चूल बंद ठेवणे. दुसऱ्याने रांग धरली तर तो मजुरीवर जाऊन येऊ शकतो.

काही पथ्येही पाळायला हवीत. मदत घेणाऱ्यांचे फोटो काढू नयेत. मुलांना खाऊ देऊन एकटे बाहेर नेऊ नये. मूल संकटात दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. कुटुंबाच्या भांडणात न्यायाधीश होऊ नये. आणि आठवड्याला तीन तास देतो असे कबूल केले असेल, तर तेवढेच द्यावेत, पण न चुकता. महिनाभर रोज येऊन नंतर नाहीसे होणाऱ्यापेक्षा दर गुरुवारी येणारा माणूस निवाऱ्याला अधिक उपयोगी.

उघड्यावर रात्र काढणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याने अनुभवले आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. घरे असूनही माणसे ऐन थंडीत अंगणात आणि तंबूत झोपली. तेव्हा सगळ्यांना त्यांच्याबद्दल कळवळा वाटला, कारण संकट अचानक आले होते. ज्यांच्यावर ते रोज येते, त्यांच्याबद्दल मात्र आपली नजर मरते.

आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून अधिक पडतो. भट्टीवरची कुटुंबे त्याआधी गावी परततात, पण ज्यांचे गावी काही उरलेले नाही ती इथेच राहतात. त्यामुळे तयारीचा काळ एप्रिल-मे हाच. आपल्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे: कुटुंबांसाठी निवारा आहे का, नसेल तर पावसाळ्यापुरती एखादी शाळा किंवा समाजमंदिर मिळेल का, आणि तिथे रात्री कोण थांबणार? तिसऱ्या प्रश्नाला दोन-चार नावे आपण स्वतःहून दिली, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळणे बरेच सोपे होते.