एका बंद काचेचा हिशोब

व्यापार-उद्योगाच्या पानावर आपण नेहमी मालाचे भाव, उधारी, कर्ज आणि कर यांविषयी वाचतो. आज मी एका काचेविषयी लिहिणार आहे. काच हातभर लांब, गाडीच्या मागच्या बाजूला बसवलेली, न उघडणारी. मेकॅनिक लोक तिला क्वार्टर काच म्हणतात. या काचेने मला जो धडा दिला, तो तीस वर्षांच्या कापडाच्या धंद्यात दुसऱ्या कोणी दिला नव्हता. आठवडी बाजार करणाऱ्या आणि गॅरेज चालवणाऱ्या बांधवांना तो उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्याकडे 2006 सालची मारुती ओम्नी आहे. ही गाडी 1984 साली मारुती व्हॅन म्हणून बाजारात आली, 1988 मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एमएच-29 च्या पाट्या मिरवणाऱ्या जुन्या ओम्नी आजही पोटापाण्याला लागलेल्या दिसतात. दारव्हा, आर्णी, नेर, घाटंजी इथल्या बाजारांत कापड, भांडी, चपला घेऊन जाणाऱ्या कितीतरी छोट्या व्यापाऱ्यांची रोजी अशाच एखाद्या जुन्या गाडीवर चालते.

काच फुटली कशी?

2022 च्या जून महिन्यातली गोष्ट. बाजारात दुकान मांडण्यासाठी लागणारे लोखंडी पाइप आम्ही कापडाच्या गाठींवर आडवे टाकत असू. त्या दिवशी माल जास्त होता. पोऱ्या म्हणाला, “चाचा, पाइप काचेला टेकतोय.” मी म्हणालो, “राहू दे, उशीर होतोय.” लोहारा ओलांडून दारव्हा रोडला लागलो. एका खड्ड्यात गाडी आदळली, पाइपाचे टोक काचेच्या कडेला बसले आणि क्षणात सगळ्या काचेचे खडीसाखरेसारखे तुकडे झाले. कोणाला साधा ओरखडाही उठला नाही. तेव्हा मला वाटले, नशीब चांगले. पुढे कळले की ते नशीब नव्हते, ती काच तशीच बनवलेली होती.

पहिले काम मालाचे होते. काचेचे बारीक कण गाठींवर पडले होते. बाजार सोडून परत आलो. प्रत्येक तागा उलगडला, उन्हात झटकला, पुन्हा घडी घातली. दीड दिवस गेला. पण बाळाच्या झबल्यासाठी घेतलेल्या कापडाच्या घडीत काचेचा कण निघाला असता, तर त्या आईला मी काय तोंड दाखवले असते? कापडवाल्याची काच फुटली, तर आधी गाडी नव्हे, माल तपासावा.

माझी चूक

बाजाराचे दिवस चालू होते, पाऊस तोंडावर आला होता. घराच्या खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका दुकानदाराने मापाची साधी काच कापून दिली आणि कडेने सिलिकॉन भरून बसवूनही दिली. सगळे मिळून 450 रुपये. मी खूष. बायकोला सांगितले, गॅरेजवाला दोन हजारांच्या वर मागत होता, आपण साडेचारशेत भागवले.

जुलैमध्ये विदर्भात पाऊस कोसळला. पाणी काचेवरून आत आले नाही. ते चौकटीच्या पत्र्यातून, सिलिकॉनच्या मागून झिरपले आणि गाठींच्या तळाशी साचले. लठ्ठ्याच्या चार ताग्यांवर आणि काही चादरींवर तांबडे डाग पडले. कापडवाल्यांना सांगायला नको, गंजाचा डाग साबणाने निघत नाही. ऑक्झॅलिक आम्लाने निघतो, पण धुतलेल्या कापडाची कांजी आणि चकाकी जाते. मग ते नवे कोरे म्हणून विकता येत नाही. दोष सांगून कमी भावात विकले. 5,200 रुपयांचा फटका बसला.

त्याहून वाईट पुढे घडले. ऑगस्टमध्ये घाटंजीहून परतताना ती साधी काच गाडीच्या हादऱ्याने तडकली आणि लांब, टोकदार तुकडा आत पडला. मागे बसलेला आमच्या दुकानातला एकोणीस वर्षांचा मुलगा हात पुढे करून गाठ सावरत होता. त्याच्या कोपराखाली सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे खोल गेले असते तर बोटांची शिर गेली असती. तो मुलगा कात्री चालवतो, कापड फाडतो. त्याच्या घरात कमावता तोच. त्या रात्री मी झोपू शकलो नाही.

टफन काच म्हणजे काय?

मुलाचे टाके निघाल्यावर मी लोहाऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिम कापडाचा मोठा कारखाना आहे. कापडाच्या निमित्ताने त्या बाजूला माझे जाणे-येणे होतेच. या उस्तादांनी गाडी पाहिली, साध्या काचेचा उरलेला तुकडा हातात घेतला आणि विचारले, “सेठ, ही खिडकी घराची आहे की गाडीची?”

त्यांनी समजावले ते असे. गाडीच्या पुढच्या मोठ्या काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. बाजूची काच बहुधा टफन असते. काच आधी मापात कापतात, कडा घासतात, मग सहाशे अंशांहून अधिक तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचा झोत मारतात. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसतो. त्यामुळे वरचा पापुद्रा दाबात आणि आतला भाग ताणात राहतो. अशी काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, आणि फुटलीच तर सगळा ताण एकदम सुटून तिचे लहान, बोथट तुकडे होतात. तिचा कमजोर भाग म्हणजे कड. माझ्या पाइपाने नेमकी कडच गाठली होती.

एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणूनच खिडक्यांच्या दुकानात ती मापाने कापून मिळत नाही. चालू गाड्यांची तयार मिळते. मॅटाडोरसारख्या जुन्या गाडीची मिळत नसेल आणि काच सपाट असेल, तर पुठ्ठ्याचा साचा देऊन टफन करणाऱ्या कारखान्यातून बनवून घेता येते. भंगारातल्या गाडीची काचही चालते. मात्र तिच्या कडेला टवका उडालेला नसावा आणि कोपऱ्यात आयएसआयची खूण असावी. गाड्यांच्या सुरक्षा काचेसाठी आयएस 2553 हे भारतीय मानक आहे.

हा कायद्याचाही प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 प्रमाणे गाडीच्या खिडक्यांना सुरक्षा काच किंवा सुरक्षा ग्लेझिंग हवे. कापडी किंवा रेक्झीनच्या हुडाच्या गाड्यांना आणि रिक्षांना पारदर्शक प्लास्टिकची सवलत आहे, बंद बॉडीच्या व्हॅनला नाही. त्याच नियमाने बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. माल दिसू नये म्हणून गडद काळी काच बसवणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

काचेआधी चौकट

मी समजत होतो, नवी काच आणली की काम झाले. उस्ताद म्हणाले, “काच अर्ध्या तासाची, चौकट तीन दिवसांची.” त्यांनी जुने सिलिकॉन सुरीने कापून काढले, तेव्हा खालच्या कोपऱ्यातला पत्रा बोटाने दाबताच आत गेला. जूनमध्ये तिथे वरवरचा गंज असणार. तीन महिने सिलिकॉनमागे पाणी कोंडून राहिले आणि पत्रा सडला.

त्यांनी केलेले काम क्रमाने देतो. कारागीर बांधवांना यात नवे काही नसेल, पण गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देतो हे कळले पाहिजे.

सडलेला पत्रा कापून नव्या पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने जोडला. गंजावर नुसती पुट्टी भरून रंग मारणे ही फसवणूक आहे. वर्षभरात फुगा येतोच. बाकीची कड चकचकीत होईपर्यंत घासली, रेड ऑक्साईड मारले, वर रंग दिला आणि पूर्ण सुकू दिले. जुने रबर टणक झालेले असते, ते पुन्हा वापरले नाही.

मग नवे रबर काचेभोवती चढवले. रबराच्या ज्या खाचेत चौकटीचा पत्रा बसतो, तिच्यात नायलॉनची बारीक दोरी सगळीकडून फिरवली आणि दोन्ही टोके खाली मधोमध वीतभर एकमेकांवर घेऊन सोडली. साबणाचे पाणी लावले. तेल किंवा रॉकेल लावले नाही, कारण त्याने रबर फुगते आणि खराब होते. काच बाहेरून चौकटीवर टेकवली, दोरीची टोके आत घेतली. शागीर्द बाहेरून तळहाताने दाब देत होता, उस्ताद आतून दोरी सावकाश ओढत होते. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत येत गेला. कुठेही पेचकस काचेच्या कडेला लावला नाही.

शेवटी पाण्याची परीक्षा. मला आत बसवले, बाहेरून नळी धरली. आधी खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटी वर. वरूनच पाणी सोडले, तर ते सगळीकडे ओघळते आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. एका कोपऱ्यात थेंब आला. तिथेच रबराच्या ओठाखाली न सुकणारे काळे सीलंट भरले. दुसऱ्या वेळी आत थेंब आला नाही.

विम्याचे काय?

कोणी म्हणेल, विमा कशासाठी असतो? जुन्या गाडीवर आपण बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा घेतो. त्यातून आपल्या काचेचा एक पैसा मिळत नाही. सर्वंकष विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण रबरावर निम्मा कापतात. शिवाय ठराविक रक्कम आपल्यालाच सोसावी लागते आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. दोन-अडीच हजारांच्या कामाला दावा बहुधा परवडत नाही. आणि एक गोष्ट मीही वेळेवर वाचली नव्हती. खासगी गाडीच्या विम्याच्या करारात नमुने आणि खासगी सामान सोडून इतर माल वाहणे वगळलेले असते. बाजार करणाऱ्या प्रत्येकाने आपली पॉलिसी आजच काढून हे कलम वाचावे.

हिशोब

आता माझी वही पाहा. साधी काच 450. डागी कापडाचे नुकसान 5,200. मुलाचे औषधपाणी आणि घरी बसला त्या दिवसांची मजुरी 4,500. मजुरी मी दिली. ती देणेच होती, मेहेरबानी नव्हती. टफन काच आणि नवे रबर 1,650, वेल्डिंग-रंग 1,800, मजुरी 600. एकूण 14,200 रुपये. जूनमध्येच नीट काम केले असते, तर काच-रबर 1,650, मजुरी 600 आणि वरवरचा गंज घासून रंगवायला 350, म्हणजे 2,600. भाव गावागावांत कमी-जास्त असतील, पण हे गणित कुठेही असेच सुटेल. ‘महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार’ असे मी गिऱ्हाइकांना चांगले कापड विकताना म्हणत आलो. स्वतः गिऱ्हाईक झालो तेव्हा विसरलो.

कारागीर बांधवांना एक विनंती. जूनमध्ये ज्या गॅरेजवाल्याकडे मी आधी विचारले, त्याने नुसता आकडा सांगितला. साध्या काचेने हात कापतो, चौकट गंजली आहे, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. उस्तादांनी मला सडका पत्रा बोटाने दाबून दाखवला, प्रत्येक कामाचे पैसे वेगळे सांगितले, तेव्हा मी घासाघीस केली नाही. गिऱ्हाईक महाग कामाला घाबरत नाही, न कळलेल्या कामाला घाबरतो. दोष दाखवून काम करणाऱ्याच्या दाराशी तो पुन्हा येतो. माझ्या शेजारच्या दोन व्यापाऱ्यांच्या गाड्या आता त्याच उस्तादांकडे जातात.

व्यापारी बांधवांना दोनच गोष्टी सांगतो. काच फुटली तर मिळेपर्यंत जाड प्लास्टिक बाहेरून नीट चिकटवा, माल झाका आणि गाडी शक्यतो उभी ठेवा. मागची बाजू उघडी ठेवून गाडी पळवली, तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आणि तो जिवावर बेतू शकतो. दुसरे, गाडीत मागे कोण बसते याचा विचार करून खर्च ठरवा. मी पुढे बसत होतो. काच त्या मुलाच्या बाजूला होती.

तो मुलगा बरा झाला, कात्री पूर्वीसारखी चालवतो. हातावरचा व्रण मात्र राहिला आहे. आता गाडी भरताना तो म्हणाला, “चाचा, पाइप टेकतोय,” की मी स्वतः उतरून पाइप काढतो.