७७व्या सीटची किंमत

मार्च २०२३मध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या सुमारे १५ हजार वैमानिकांनी नवा वेतनकरार मंजूर केला. चार वर्षांत कंपनीवर पडणारा जादा बोजा ७ अब्ज डॉलरहून अधिक, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५८ हजार कोटी रुपये. त्या साली मुंबई महापालिकेचा वर्षाचा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटींचा होता. आणि हा वैमानिकांचा पगार नव्हे, नुसती वाढ! ऑगस्टमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचा करार झाला ९.६ अब्जांचा, सप्टेंबरमध्ये युनायटेडचा सुमारे १० अब्जांचा. डेल्टाच्या वैमानिकांनी तर आपला दर या दोन कंपन्यांपेक्षा किमान एक टक्का वरच राहील, असं कलमच लिहून घेतलं होतं. तिन्ही करारांची बेरीज सव्वादोन लाख कोटी रुपयांच्या घरात जाते.

एवढ्या अब्जांच्या गर्दीत मला सगळ्यात भारी वाटतो तो ७६ हा आकडा.

मोठ्या कंपन्या छोट्या शहरांची उड्डाणं प्रादेशिक कंपन्यांकडून करून घेतात. विमानावर रंग डेल्टाचा, पण वैमानिक एंडेव्हरचा, कमी पगाराचा. आपलं काम असं हळूहळू बाहेर जाऊ नये म्हणून मोठ्या कंपनीच्या वैमानिकांनी करारात कुंपण घातलं. प्रादेशिक विमानात ७६पेक्षा जास्त सीट नकोत, वजन ८६ हजार पौंडांच्या, म्हणजे ३९ टनांच्या वर नको, आणि अशी विमानं किती असावीत यालाही मर्यादा. एम्ब्राएरने कमी इंधन खाणारं नवं ई-१७५-ई२ बनवलं, ते भरलं साडेचव्वेचाळीस टन. अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्यांना ते घेताच येईना. युनायटेडने २०१९मध्ये ७० सीटच्या विमानातून २० सीट उपटून काढल्या आणि तिथे सामानाची कपाटं व खाऊचं काउंटर बसवलं, कारण करारात जागा शिल्लक होती ती ५० सीटवाल्या विमानांना.

हे कुंपण ज्यांना अडवतं, त्यांना त्यावर मत नसतं. अल्पा ही वैमानिकांची सर्वात मोठी संघटना १९३१ सालची. डेल्टाचे वैमानिकही तिच्यात, एंडेव्हरचेही. मात्र प्रत्येक कंपनीची समिती वेगळी, वाटाघाटी वेगळ्या, मतदान वेगळं. शेवटी सही मात्र एकाच राष्ट्रीय अध्यक्षाची. शिवाय १९२६चा रेल्वे कामगार कायदा १९३६पासून विमान कंपन्यांना लागू आहे. त्यानुसार करार संपत नाही, फक्त बदलायला खुला होतो. सरकारी मध्यस्थाने सोडल्याशिवाय संप नाही, त्यानंतरही ३० दिवस थांबायचं. मग मोठ्या आणि छोट्या कंपनीच्या वैमानिकांनी एकाच वेळी मागण्या रेटायच्या कशा?

एकदा मात्र सगळे एका टेबलाशी आले होते. फेब्रुवारी १९९७मध्ये नवी छोटी जेट कोण उडवणार, या वादात अमेरिकनच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो काही मिनिटांतच थांबवला. त्यातूनच त्या वर्षी दोन कंपन्या आणि दोन संघटना अशा चौघांचा करार झाला. छोटी जेट अमेरिकनच्या प्रादेशिक कंपनीकडे, अमेरिकन ईगलकडे राहिली, ईगलच्या वैमानिकांना अमेरिकनमध्ये जाण्याची वाट मिळाली. रांगेतून पुढे सरकण्याची ही वाट आजही तिथल्या प्रादेशिक वैमानिकांच्या हातातली मोठी गोष्ट आहे.

२००१मध्ये डेल्टाच्याच मालकीच्या कोमएअरचे सुमारे १,३५० वैमानिक ८९ दिवस संपावर होते. त्याच वर्षी प्रादेशिक वैमानिकांच्या एका गटाने या कुंपणावरून आपल्याच संघटनेला कोर्टात खेचलं. मला त्यांचा राग पटतो.

१२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ कोल्गन या प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. विमानावर नाव कॉन्टिनेंटलचं होतं. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून सिएटलहून नेवार्कला ड्यूटीवर आली होती. तिचा वर्षाचा पगार २४ हजार डॉलरही नव्हता. अपघाताचं कारण पगार नव्हता, पण देशाला तो आकडा तेव्हा दिसला. पुढे १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट आली, कोविडनंतर वैमानिक मिळेनासे झाले आणि जून २०२२मध्ये अमेरिकनच्या प्रादेशिक कंपनीने, एन्व्हॉयने नवख्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर देऊ केले. युनियनने दशकानुदशकं मागितलं ते टंचाईने काही महिन्यांत दिलं.

७६ मात्र ७६च राहिला. प्रादेशिकांतली सर्वात मोठी स्कायवेस्ट चार बड्या कंपन्यांसाठी उडते आणि तिचे वैमानिक अल्पात नाहीत. एन्व्हॉयच्या वैमानिकांनी उद्या ताणून धरलं, तर त्यांची उड्डाणं तिकडे वळवायला अमेरिकनला वाट मोकळीच आहे.