विहिरीवरची मोटार आणि घरचा मोबाईल

शेतीपंप म्हणजे काय, हे तेल्हाऱ्याच्या श्रोत्यांना सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या या तालुक्यात विहिरींवर आणि बोअरवर मोटारी बसल्या, आणि त्यांच्यामागून रात्रीची लाइनही आली. पुरवठा काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हा क्रम शेतकऱ्याने वर्षानुवर्षे भोगला आहे. मध्यरात्री बॅटरी घेऊन वावरात जावयाचे, ओल्या हाताने स्टार्टर दाबावयाचा; वाटेत साप आहे, रानडुक्कर आहे. ही पायपीट वाचावी म्हणून पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र सिद्ध केले. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या या यंत्राला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आज तशा पेट्या बाजारात पुष्कळ आहेत. अशा पेटीच्या पोटात काय चालते, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

पेटीत दोन मुख्य असामी असतात. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा संगणक. त्याला मोजता येते, ठरवता येते, रिलेमार्फत स्टार्टर ओढता येतो. परंतु पेटीबाहेर हाक मारता येत नाही. दुसरा मोडेम. तो सिम कार्ड घेऊन टॉवरशी बोलतो. पण मोटार कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. या दोघांची गाठ तीन तारा घालून देतात. एकाच्या तोंडाची तार दुसऱ्याच्या कानाला, दुसऱ्याच्या तोंडाची पहिल्याच्या कानाला, आणि तिसरी दोघांची सामाईक ग्राउंड. तोंडाला तोंड जोडले तर दोघेही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. सभांतूनही असे घडते. तिसरी तार नवशिके हमखास विसरतात. परंतु व्होल्टेज म्हणजे दोन जागांमधला फरक. विहिरीचे पाणी किती खोल, हे सांगावयाचे तर काठ कोणता, यावर आधी एकमत हवे. ते एकमत म्हणजे ही तार.

बोलणे चालते ते एकेक बिटाने. सेकंदास ९६०० बिट असा वेग ठरविला, तर एका अक्षरास आरंभाचा, शेवटचा आणि मधले आठ असे दहा बिट लागून सेकंदात ९६० अक्षरे जातात. ताल धरणारी वेगळी तार नसल्यामुळे दोघांनी वेग आधीच ठरविला पाहिजे. भाषा जुनीच आहे. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीने टेलिफोनच्या मोडेमसाठी जी आज्ञावली केली, तिचा ‘एटी’ हा आरंभ आजही टिकून आहे. कंट्रोलरने ‘एटी’ म्हणावे, मोडेमने ‘ओके’ म्हणावे. हा ‘ओके’ प्रथम उमटला की शिकणाऱ्याला होणारा आनंद आम्ही अनुभवला आहे.

आणि त्यानंतरची फजितीही. टेबलावर ‘ओके’ येई; निरोप पाठवावयास सांगितले की पेटी मूर्च्छित पडे आणि पुन्हा पहिल्यापासून जागी होई. आम्ही दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधली. चूक तेथे नव्हती. मोडेम उपाशी होता. ‘सिम ८००’ जातीच्या मोडेमला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, आणि टॉवरशी बोलताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. दुसऱ्या पिढीच्या मोबाईलचे बोलणे सेकंदास सुमारे २१७ झटक्यांनी होते. जुना मोबाईल ध्वनिक्षेपकाजवळ आला की जी टर्र टर्र ऐकू येई, ती याच झटक्यांची. बारीक तारेतून एवढा घोट एकदम मिळत नाही, व्होल्टेज खाली बसते आणि मोडेम झोपतो. जाड व आखूड तारा, समर्थ पुरवठा आणि मोडेमला लगटून बसविलेला मोठा कपॅसिटर, हा त्यावर उपाय. कपॅसिटर म्हणजे घरातला रांजणच. नळाची धार बारीक असली तरी तांब्या भरून निघतो.

दुसरा धोका अधिक फसवा. हा मोडेम २.८ व्होल्टच्या भाषेत बोलतो, तर ५ व्होल्टवर चालणारा ‘एटमेगा ३२८’ कंट्रोलर ३ व्होल्टच्या वरचीच हाक खात्रीने ऐकतो. टेबलावर चालून जाते, वावरात कधी चालते, कधी नाही. उलट दिशेने ५ व्होल्ट मोडेमवर घातले तर त्यास इजा होते. म्हणून मध्ये व्होल्टेज जुळविणारा दुभाषी हवाच.

पेटी विकत घेणाऱ्यांनी एक विचारून घ्यावे: मोडेम कोणत्या पिढीचा? जिओच्या जाळ्यात दुसरी पिढी नाही, तेथे ‘सिम ८००’ मुकाच राहतो.

इतके जमले तरी खरी परीक्षा पुढेच आहे. रिले ओढला म्हणजे मोटार फिरली असे नव्हे. एक फेज गेलेली असेल, विहीर आटलेली असेल. पेटीने नुसत्या हुकमावर ‘मोटार चालू’ असा निरोप धाडला, तर घरी माणूस निश्चिंत झोपतो आणि तिकडे मोटार जळते. एकदा असे झाले की तो पुन्हा बॅटरी घेऊन रात्री निघतो. म्हणून मोटारीच्या तारेभोवती प्रवाह मोजणारे कडे घालतात आणि कंट्रोलर ते वाचूनच मोडेमला निरोप सांगतो. पंपात पाणी नसले की प्रवाह नेहमीपेक्षा उतरतो. तेव्हा मोटार बंद करून ‘पाणी नाही, मोटार थांबविली’ हे शब्द घरी पोचले पाहिजेत.