साथ, मजुरी आणि पायपीट

रोगाची साथ आली म्हणजे 'घरीं बसा' हा उपदेश सर्वांस सारखाच केला जातो. परंतु तो पाळण्याचें सामर्थ्य सर्वांस सारखें नसतें. ता. २५ मार्च २०२० पासून कोविडच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां हें आपण सर्वांनीं पाहिलें. ज्यास महिन्याचा पगार होता व ज्याचें काम घरून होण्यासारखें होतें, तो घरीं बसला. ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर, त्याचें काम थांबतांच शहरांत राहणें अशक्य झालें. गाड्या बंद, म्हणून तो मुलाबाळांसह पायींच गांवाकडे निघाला. ता. ८ मे २०२० रोजीं जालन्याहून भुसावळकडे निघालेले १६ मजूर करमाडनजीक रुळांवर थकून निजले असतां मालगाडीखालीं ठार झाले. रोगानें गांठण्यापूर्वींच वाटेनें त्यांचा बळी घेतला.

आपणां शेतकऱ्यांसही घरीं बसतां आलें नाहीं. गहूं काढणीस आला होता, द्राक्षें वेलीवर होतीं, दूध तर रोजचेंच. तथापि आपलें जाणेंयेणें बहुधा घर ते शेत एवढेंच होतें, व कणगींत धान्य होतें. ऊसतोड मजुराची स्थिति निराळी. बीडसारख्या कोरडवाहू मुलखांतून मुकादमाची उचल घेऊन तो सहा-सहा महिने परमुलखीं राहतो. उचल फिटल्यावांचून त्यास काम सोडतां येत नाहीं. आणि फड संपला तेव्हां जिल्ह्यांच्या हद्दी बंद, म्हणून गांवींही जातां येईना. एप्रिलच्या मध्यास सरकारनें परवानगी देईपर्यंत हजारों कुटुंबें कोपींतच अडकून राहिलीं. जीं परत गेलीं, त्यांतील कित्येकांस स्वतःच्याच गांवच्या वेशीवर अडविण्यांत आलें, ही गोष्ट आपणांस भूषणावह नव्हे.

साथ पुन्हां केव्हां येईल हें कोणीं सांगावें? म्हणून आमची वाचकबंधूंस सूचना अशी कीं, हंगामाच्या आरंभींच आपल्या फडावर किती कोयते आहेत, बरोबर मुलें किती, याची नोंद सोसायटीनें ठेवावी; महिनाभर पुरेल इतकें धान्य व स्वच्छ पाणी यांची तजवीज करावी; आणि काम बंद पडल्यास हिशेब तत्काळ चुकता करावा. ज्याच्या घरांत धान्य आहे, तोच दार लावून बसूं शकतो. मजुरानें जागा सोडूं नये असें वाटत असेल, तर त्याची चूल पेटती ठेवणें हाच साथीस घातलेला पहिला बांध होय.