बॅटरीची बेरीज आणि एकटा पडलेला सेल

जुन्या स्कूटरचं इंजिन काढून तिथे मोटर बसवणाऱ्या हौशी तंत्रज्ञाचं पहिलं लक्ष वेगाकडे असतं. खरी परीक्षा मात्र सीटखालच्या पेटीत असते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 16 सेल एकापुढे एक जोडले की 51.2 व्होल्टचा पॅक तयार होतो. एका सेलची कमाल मर्यादा 3.65 व्होल्ट, म्हणून चार्जर 58.4 व्होल्टवर थांबतो. पण चार्जरला फक्त बेरीज कळते. पंधरा सेल 3.63 व्होल्टवर आणि एकच 3.95 वर गेला, तरी बेरीज 58.4च येते!

म्हणूनच बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस, प्रत्येक सेलचं व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजते. एक सेल जरी वरच्या मर्यादेला पोचला तरी चार्जिंग बंद, आणि एक जरी 2.5 व्होल्टपर्यंत उतरला तरी मोटरचा पुरवठा बंद. शून्य अंशाखाली चार्जिंग केलं तर सेलमध्ये धातुरूप लिथियम साचतं, म्हणून तापमानावरही तिची नजर हवी.

सेलमधली तफावत मिटवण्याची स्वस्त पद्धत म्हणजे जादा चार्ज रेझिस्टरमधून उष्णता म्हणून सोडून देणं. ती फार सावकाश चालते. 60 मिलिअँपिअरने 3 अँपिअर-तासांचा फरक मिटायला 50 तास लागतात. त्यामुळे पॅक बांधण्याआधीच सेल जुळवून घ्यावेत.

किती चार्ज उरला, हे सांगणं आणखी अवघड. या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, म्हणून आत-बाहेर जाणाऱ्या करंटचा हिशेब ठेवावा लागतो. सेन्सर सतत 0.1 अँपिअरने चुकत असेल, तर दिवसाला 2.4 अँपिअर-तासांची चूक साठते.

आणि बीएमएसच बिघडली तर?

आयआयटी मुंबईचा संघ ज्यात इलेक्ट्रिक गाडी उतरवत आला आहे, त्या फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेचे नियम याच प्रश्नावर उभे आहेत. प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि किमान 30 टक्के सेलचं तापमान मोजावंच लागतं. मापन हरवलं तरी पुरवठा तुटतो आणि चालकाला तो स्वतः पुन्हा सुरू करता येत नाही.

घरगुती बीएमएसमध्ये पुरवठा तोडण्याचं काम अनेकदा मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचवर सोपवलेलं असतं. मॉसफेट जळला की बहुधा शॉर्ट होतो आणि करंट वाहतच राहतो. म्हणून वेगळा काँटॅक्टर, म्हणजे मोठा करंट तोडणारा यांत्रिक स्विच, आणि फ्यूज बसवा. मापनाची तार तुटल्यावर पुरवठा खरोखर बंद होतो का, हे आधी टेबलावर तपासा. होत नसेल, तर ती गाडी रस्त्यावर आणू नका.