गिअरबॉक्स आधी, टर्बो मागून

सकाळी साडेआठ. चिकलठाणा एमआयडीसीत शटर वर करायच्या आधीच जालन्याचा गडी दारात उभा. बियाण्यांचा धंदा, गाडी टोयोटाची हायलक्स, डिझेल, ऑटोमॅटिक. "उस्ताद, लोणावळ्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग होते ना, तिथं चारशे मीटर पळवायचीय. टर्बो मोठा घेऊन ठेवलाय. आता गिअरबॉक्स कोणता टाकू ते सांगा." टर्बो आधी घेतला म्हटल्यावर बोलणं लांबणार हे कळलं. चहा सांगितला.

नऊ वाजता पहिला प्रश्न त्याच्या मित्राचा, जो सोबत फक्त बोलायला आला होता: रेस करायची तर मॅन्युअलच टाका ना! पेट्रोलच्या हलक्या गाडीत ठीक आहे. डिझेलला टर्बोच्या प्रेशरवर जगायचं असतं. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की प्रेशर पडतं, आणि मोठ्या टर्बोचं ते पुन्हा उभं राहीपर्यंत शेजारची गाडी निघून गेलेली असते. ऑटोमॅटिकमध्ये एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो, इंजिनावरचा लोड हटत नाही. एएमटी तर विचारातच घेऊ नका. तो मॅन्युअलच आहे, फक्त पाय यंत्राचा. शिवाय कंपनीचे आकडेच बघा. याच हायलक्सचं 2.8 लिटरचं इंजिन मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि ऑटोमॅटिकमध्ये 500. इंजिन तेच, ताकद 204 पीएस तीच. कुठल्या डब्यात किती ओतायचं ते कंपनीने ठरवलेलं आहे. लोक येऊन अश्वशक्ती विचारतात. गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्कने.

दहाला गाडी लिफ्टवर. मागच्या महिन्यात कुठूनतरी इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवा मॅप मारून आणलाय, हे त्याने इथे सांगितलं. गिअरबॉक्सचा पॅन खोलला. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, लालभडक असतं, हे गडद तपकिरी, बोटाला लावलं तर करपल्याचा वास. पॅनमधल्या मॅग्नेटवर बारीक काळी पूड. लोखंडाचे तुकडे नाहीत, म्हणजे गिअर शाबूत आहेत. जळतंय ते फ्रिक्शन मटेरियल, आणि माझा संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या लॉक-अप क्लचवर. पोराला गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. तास-दीड तासाचं काम नाही ते, जेवणापर्यंत चालतं.

साडेअकराला नेहमीच्या गिऱ्हाइकाची जुनी लॉरा आली, डीएसजीचं तेल आणि फिल्टर बदलायला. ही आपल्या गावची पोरगी. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना 2001 पासून आहे, लॉरा तिथंच जोडली जायची. सहा गिअर, दोन क्लच तेलात बुडालेले, पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला. जालनेकराचे डोळे चमकले. "हाच का नको?" शिफ्ट सुंदर आहे, वाद नाही. पण त्या डब्याची मूळ क्षमता 350 न्यूटन-मीटरच्या आसपास, तो आडव्या इंजिनासाठी बनलेला, आणि तुझी गाडी दोन टनांच्या पुढची. उभ्या जागेवरून इतकं वजन उचलताना सगळी घसट क्लचच्या प्लेटांवर येते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ती घसट तेलात होते आणि वर सुटताना टॉर्क दुपटीच्या जवळ जातो. जड गाडीला हे फुकटात मिळणारं काम आहे.

दुपारी एक. नान-खलिया मागवला. जेवताना त्याने मोबाइलवर अमेरिकेतले डिझेल ट्रक दाखवले. त्यांच्याकडे कमिन्स इंजिनामागे डॉजचा 48आरई, ड्युरामॅक्समागे अॅलिसन 1000, आणि निव्वळ रेसच्या गाडीला जनरल मोटर्सचा टीएच 400. शेवटचा 1964 सालचा, तीनच गिअर, कॉम्प्युटर नाही, सगळा कारभार तेलाच्या दाबावर. 48आरईला चार. त्याला वाटत होतं जितके गिअर जास्त तितकी गाडी पळणार. कागद घेऊन हिशेब मांडला: हायलक्सच्या सहा गिअरांतला चौथा सरळ एकास एक आहे, त्यात चार हजार फेऱ्यांना गाडी दीडशेच्या आसपास जाते. चारशे मीटरची रेघ तिथेच संपते. पाचवा आणि सहावा हायवेला डिझेल वाचवायला. मग टीएच 400 मागवायचा का? इंजिनला जोडायची बेल-हाउसिंग बनवा, फोर-व्हील-ड्राइव्हचा ट्रान्सफर केस जुळवा, गाडीच्या कॉम्प्युटरची समजूत घाला, आणि आरटीओपुढे उभे राहा. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम असल्या बदलांना आडवंच येतं. निव्वळ ट्रॅकची गाडी असती तर मी हो म्हटलं असतं. हा सोमवारी याच गाडीतून दुकानात जाणार.

अडीचला कन्व्हर्टर घेऊन मागच्या गल्लीत लेथवाल्या चाचांकडे. ही जागा मला दिवसभरात सर्वांत आवडते. कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असतो, नटबोल्ट नाहीत. चाचांनी तो लेथच्या चकात धरला, डायल लावून रनआउट पाहिला, आणि वेल्डिंगची कड हळूहळू सोलत नेली. शेवटचा धागा सुटला तसे दोन अर्धे वेगळे झाले: एकात इंजिनाबरोबर फिरणारा पंप, दुसऱ्यात टर्बाइन, मध्ये स्टेटर. लॉक-अपचं अस्तर एका बाजूने गेलेलं आणि समोरच्या पत्र्यावर निळे डाग, जिथं तो पकडता पकडता घसरत राहिला. चाचा म्हणाले, "बेटा, याची काही चूक नाही. याला 500चा पगार आहे, तुम्ही 700चं काम लावलं."

गाडीच्या मालकाला फोन करून बोलावलं आणि ते निळे डाग दाखवले. तोंडी सांगून जे पटत नव्हतं ते तिथे पटलं.

पाच वाजता स्टॉलचा मुद्दा, ज्यावर सगळेच घसरतात. ब्रेक दाबून फुल अॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन जिथे अडतं, ते स्टॉल. पेट्रोलचे ड्रॅगवाले चार-पाच हजारांचा ठेवतात. आपलं डिझेल चार हजारांच्या पुढे थकतं, त्याला तो लावला तर नुसतं तेल घुसळत बसेल. फार कमी ठेवला तर मोठा टर्बो जागाच होत नाही. टर्बो जिथे भरायला लागतो त्याच्या थोडं वर, एवढंच. म्हणून टर्बो, कन्व्हर्टर आणि मॅप एकाच माणसाने ठरवावेत. तिघांनी तीन ठिकाणी ठरवले की गाडी माझ्याकडे येते.

सात वाजता कागद लिहून दिला. मूळचाच सहा गिअरचा डबा ठेवायचा. लॉक-अप तीन प्लेटांचा, आतल्या क्लचना चांगल्या फ्रिक्शन प्लेटा, व्हॉल्व्ह बॉडीत दाब वाढवायचा, इनपुट शाफ्ट जास्त ताकदीच्या स्टीलचा. पुढे स्वतंत्र ऑइल कूलर आणि तापमानाचा काटा. मे महिन्यात इथे चाळिशी पार होते, आणि शंभरच्या वर दर दहा-बारा अंशांना एटीएफचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला हिशेब आहे. मोठा टर्बो यादीत शेवटी. तोवर मॅप मूळचा.

त्याने घडी घालून कागद खिशात ठेवला आणि विचारलं, ट्रायल समृद्धीवर घेतली तर चालेल का? नाही. डबा तयार झाला की पुण्याला डायनोवर बांधू, नंतर थेट धावपट्टीवर. रस्त्यावर ट्रायल घेणाऱ्याची गाडी मी जोडून देत नाही, हे वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.