वाटी-चमच्यातली विद्या

“मीठ अंदाजानं घाल गं,” असं सासूबाई सहज सांगतात; पण नव्या सुनेला तो अंदाज यायचा कुठून? मैत्रिणींनो, नेमकी हीच अडचण एका गृहिणीनं ओळखली. कमलाबाई ओगले त्यांचं नाव. जन्म १९१३ चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. स्वयंपाकाचे खरे धडे मिळाले ते सासूबाईंच्या हाताखाली. पुढे त्या स्वतःच इतरजणींना शिकवू लागल्या, आणि १९७० मध्ये त्यांचं ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालं.

त्यात प्रमाण दिलं ते वाटी आणि चमच्यानं. घरात तराजू नसेल, पण वाटी असतेच ना! ती लहान असो की मोठी, सगळ्या जिनसा त्याच वाटीनं मोजल्या की प्रमाण चुकत नाही. माहेर-सासरपासून दूर बिऱ्हाड थाटलेल्या कितीतरी जणींना या पुस्तकानं धीर दिला.

“मला काय येतं? नुसता स्वयंपाक!” असं आपण किती सहज म्हणून जातो. पण हातातलं कसब नेमकं कागदावर उतरवणं ही विद्याच आहे. आईच्या, सासूबाईंच्या हातचा एखादा पदार्थ आजच मोजून वहीत लिहून ठेवा. अंदाज माणसाबरोबर जातो. लिहिलेलं मागं राहतं.